रिकाम्या नळीला कुंकू

डॉ. सुधींद्र नरगुंदकर यांचा सत्कार विजयादशमीच्या संध्याकाळी सहा वाजता ठरला होता. ज्या शोधासाठी तो सत्कार होता तो शोध लागलेलाच नाही, हे त्यांना कळलं आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी साडेनऊ वाजता. मध्ये साडेबत्तीस तास होते. एवढ्या वेळात माणूस आजारी पडू शकतो, निदान बेळगावला मेहुणीकडे तरी जाऊ शकतो. नरगुंदकरांनी त्या वेळात धोतराला इस्त्री करून घेतली.

नरगुंदकर धारवाडच्या एका जुन्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख. वय सत्तावन्न. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दिल्लीत खेटे घालून अनुदान मिळवलं आणि तळमजल्यावर, जिथे पूर्वी मोडकी बाकं ठेवत, तिथे लेझरची प्रयोगशाळा उभी केली. त्यांचा प्रयोग करायला अवघड आणि सांगायला सोपा होता. त्यामुळे ते तो करण्यापेक्षा सांगत जास्त. मुंजीत, बारशात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना.

"काचेची नळी आहे," ते सांगत. "नळीत आयोडीनची वाफ. लेझरचा हिरवा ठोका मारायचा. ठोका किती वेळाचा? सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले पन्नासेक घ्या, तेवढ्या वेळाचा. त्या ठोक्यानं आयोडीनचा रेणू वरच्या पातळीवर जातो आणि तिथं झोपाळ्यासारखा झुलायला लागतो. आता दुसरा ठोका. झोपाळ्याच्या तालावर दिला तर आणखी रेणू वर चढतात. ताल चुकवून दिला तर चढलेले खाली उतरतात. दुसरा ठोका कधी द्यायचा हे आपल्या हातात. म्हणजे रेणू आपल्या हातात!"

"रेणू हातात आहे," त्यांच्या पत्नी शालिनीबाई म्हणत. "गिझरवाला तेवढा हातात येत नाही."

रेणू वर चढला की नाही हे कळायचं कसं, तर वर गेलेला रेणू नारिंगी प्रकाश टाकून खाली येतो. तो प्रकाश मोजायचा. पहिली पाच वर्षं तो इतका कमी होता की नरगुंदकरांच्या मते तो होता आणि दिल्लीच्या तपासनीसांच्या मते नव्हता.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. शस्त्रांची, अवजारांची पूजा. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या कारखान्यांत लेथ मशीनला हार घालतात, तसा लेझरलाही घालावा, असा विभागातला शिपाई गोविंद याचा आग्रह. गोविंदची नोकरी चोवीस वर्षांची, नरगुंदकरांपेक्षा दोन वर्षांनी जास्त, त्यामुळे त्याचा आग्रह म्हणजे जवळजवळ परिपत्रकच. नरगुंदकर स्वतःला आधुनिक समजत. पण यंत्रांबद्दल कृतज्ञता वेगळी आणि अंधश्रद्धा वेगळी, असं त्यांनी एका वाक्यात मिटवलं आणि सोवळं नेसून आले.

गोविंदनं टेबलाला झेंडूचे हार घातले, संगणकाला, पंपाला, दाराच्या कुलपालासुद्धा कुंकू लावलं. पण टेबलावरच्या काचांपाशी तो थांबला. दारावर नरगुंदकरांनीच कन्नडमधून आणि इंग्रजीतून पाटी लावली होती: काचेच्या कोणत्याही वस्तूला विभागप्रमुखांच्या परवानगीशिवाय कोणीही हात लावू नये.

"नीवे हच्च्री, सर," गोविंद म्हणाला. तुम्हीच लावा.

तेव्हा नरगुंदकरांनी स्वतःच्या अनामिकेनं आयोडीनच्या नळीला कुंकू लावलं. बोट जरा जास्तच ओलं होतं. शेजारी तसलीच दुसरी नळी ठेवलेली होती, तुलनेसाठी, आतून पूर्ण रिकामी. तिला त्यांनी काही लावलं नाही. रिकाम्या भांड्याची पूजा कोण करतं?

दिवाळीनंतर यंत्रं सुरू झाली आणि नारिंगी प्रकाश एकदम पंचवीसपट झाला.

दुसरा ठोका केसभर पुढे सरकवला की प्रकाश वाढे, केसभर मागे घेतला की पडे. आलेखावर अशा देखण्या कमानी उमटल्या की नरगुंदकरांनी त्यांचा फोटो मोबाईलच्या पडद्यावर लावला, नातवाचा काढून. गोविंद म्हणाला, पूजेचा गुण. नरगुंदकर खूप हसले आणि ही गोष्ट त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितली. वर्षभरात त्या प्रयोगशाळेत कारणाच्या सगळ्यात जवळ जाऊन आला तो गोविंदच, पण हे कळायला अजून अवकाश होता.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी उत्तरा गलगली हसली नाही. ती मुळात कमी हसे. तिनं आयोडीनची नळी काढून रिकामी नळी लावून बघितली. प्रकाश शून्य. "झालं समाधान?" नरगुंदकर म्हणाले. तिचं झालं नाही. ठोके एकमेकांपासून लांब नेले की कमानी नाहीशा होतात, ती म्हणाली. रेणू खरोखर झुलत असेल तर झोका पुरा करून परत यायला हवा, कमान परत दिसायला हवी. मग जानेवारीत तिनं नळीच्या टोकाला बर्फ लावला. गार केलं की आयोडीनची वाफ गोठते, नळीत रेणू उरत नाहीत, मग प्रकाशही पडायला हवा. प्रकाश पडला नाही. तिनं वहीत तारीख घालून लिहिलं: वाफ नाही, तरी प्रकाश तेवढाच. हा आयोडीनचा नव्हे.

नरगुंदकरांनी खाली लाल पेननं लिहिलं: निष्काळजीपणा. पुन्हा करा.

एवढ्यावर राहतं तर राहतं. पण शुक्रवारच्या चर्चासत्रात तिनं हात वर केला आणि पंधरा-वीस जणांदेखत तोच बर्फ पुन्हा काढला. नरगुंदकरांचा निबंध तेव्हा परदेशी नियतकालिकाकडे गेलेला होता.

"हिला बर्फ नीट धरता येत नाही," ते म्हणाले, "आणि ही रेणू धरायला निघालीय!"

सगळे हसले. चांगलं वाक्य होतं. ते त्यांना आदल्या रात्रीच सुचलेलं होतं.

मार्चमध्ये उत्तरा पीएचडी सोडून गेली. जूनमध्ये निबंध छापून आला. शेवटी बारीक अक्षरांत 'तांत्रिक साहाय्याबद्दल' तिचे आणि गोविंदचे आभार होते, इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं, म्हणजे गोविंदचे आधी.

*

यंदाच्या खंडेनवमीला मराठी पेपरचा फोटोग्राफर आला होता. दुसऱ्या दिवशी हुबळीत दक्षिण मराठी स्नेहसभेकडून सत्कार. त्याच्या बातमीबरोबर फोटो हवा होता. त्याला लेझर चालू हवा होता. नरगुंदकरांनी तो अगदी मंद करून चालू केला आणि नेहमीप्रमाणे नारिंगी काचेचा संरक्षक चष्मा घातला.

"सर, चष्मा काढा की. चेहरा दिसंना झालाय."

"नियम आहे."

"एकच मिनिट. फोटोपुरतं."

तो चष्मा हिरवा प्रकाश अडवतो आणि बाकी सगळं जग नारिंगी दाखवतो. वर्षभर त्या खोलीत सगळ्यांनी सगळं नारिंगीच पाहिलं होतं. नरगुंदकरांनी चष्मा काढला, कुंकवाचं ओलं बोट नळीपाशी नेलं, आणि तिथेच थांबले.

नळीच्या तोंडाच्या काचेवर गेल्या वर्षीचा ठिपका होता. ठिपक्याखाली ओघळ, पातळ, वाळलेला, एरवी दिसणारही नाही असा. हिरवा किरण नेमका त्या ओघळातून आत शिरत होता. आणि ओघळ पेटला होता. निखाऱ्यासारखा नारिंगी. त्याच्यामागे नळीतली वाफ कुठंतरी मिणमिणत होती, लाजल्यासारखी.

वर्षभर त्यांनी कुंकू मोजलं होतं.

हे एकदा दिसल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं आणि ते थांबवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. दोन ठोके एकमेकांत मिसळले की प्रकाशच कुठं वाढतो, कुठं विझतो. कुंकवातला रंग तेवढंच इमानानं दाखवतो. ठोके लांब नेले की मिसळायचे थांबतात, कमानी जातात. बर्फानं वाफ गोठते, कुंकू गोठत नाही. रिकाम्या नळीत शून्य, कारण तिला कुंकू नव्हतं. उत्तरानं काही चुकवलं नव्हतं. तिला फक्त एवढंच माहीत नव्हतं की पूजेत सरांनी नळीच्या काचेलाच कुंकू लावलंय. त्या दिवशी ती गावी होती.

"सर, हसा थोडं," फोटोग्राफर म्हणाला.

नरगुंदकर हसले. तो फोटो चांगला आला.

गोविंद शेजारी ताम्हण धरून उभा होता. "हे पुसलं का नाहीस रे?" नरगुंदकरांनी हळूच विचारलं. "बाकी सगळं पुसलंस ना दुसऱ्या दिवशी?"

"काचेला हात लावू नका म्हणून तुम्हीच पाटी लावलीय की," गोविंद म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचं चिन्ह नव्हतं, आणि नसायलाच हवं होतं.

*

घरी शालिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. चुकीचं उत्तर त्यांना नवीन नव्हतं.

"मग उद्या जाऊन सांगा."

"सत्कारात?"

"मग काय सत्कार घेऊन सांगणार? आणि त्या पोरीचं नाव घ्या. आधी तिचं, मग तुमचं."

"घेतो की."

"अहो, असं खाली बघून नका म्हणू. तुम्ही खाली बघून म्हणता ते करत नाही."

देशपांडे नगरमधल्या सभागृहात दोनशे माणसं होती. स्नेहसभेचे अध्यक्ष यशवंतराव मिरजकर यांचं हुबळीच्या बाजारात पूजासाहित्याचं तीन पिढ्यांचं दुकान. त्यांनी नरगुंदकरांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि रेणू म्हणजे काय हे सांगितलं. त्यात पाच मिनिटं गेली आणि रेणू अणूपेक्षा लहान झाला. मग नरगुंदकर बोलायला उभे राहिले. सदऱ्याच्या खिशात कागद होता; त्यावर सहा वाक्यं होती आणि चौथं वाक्य उत्तराचं होतं.

"मंडळी," ते म्हणाले, "हा सत्कार घेण्याचा मला अधिकार नाही. हा विनय नव्हे."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. केवढा विनय.

"माझा शोध चुकीचा आहे. आम्ही जो प्रकाश मोजला तो रेणूंचा नव्हता. गेल्या खंडेनवमीला मी स्वतः नळीला कुंकू लावलं. लेझर पडला की त्या कुंकवातला रंग चमकतो. वर्षभर मी जे मोजलं ते कुंकू होतं."

मग यशवंतराव उभे राहिले. त्यांचा ऊर भरून आला होता.

"कुंकू!" ते म्हणाले. "अरे, लेझरच्या यंत्राला कळलं, आपल्याला कळलं नाही! आपल्या कुंकवात केवढं विज्ञान आहे हे आज डॉक्टरसाहेबांनी सिद्ध करून दाखवलं. आणि मंडळी, सांगायला संकोच वाटतो, पण ते कुंकू आमच्याच दुकानातलं. दर वर्षी कॉलेजला आम्ही पाठवतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागची माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. कुणीतरी "भले!" म्हणून ओरडलं.

नरगुंदकर कागद हातात घेऊन उभे होते. चौथं वाक्य उरलं होतं. टाळ्या थांबेपर्यंत थांबायचं आणि मग म्हणायचं, एवढंच. टाळ्या लांबल्या. आणि त्या लांबल्या तशी त्यांच्या आत एक गोष्ट झाली, जी ते पुढे कुणालाच, शालिनीबाईंनाही, सांगू शकले नाहीत. त्यांना बरं वाटलं. सांगितलं की आपण. लोकांनी ऐकलं नाही त्याला आपण काय करणार. ते खाली बसले. कागदाची घडी परत खिशात गेली. मग सगळ्यांनी एकमेकांना बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दिली, नरगुंदकरांच्या ओंजळीत ती मावेनात, आणि यशवंतरावांनी त्यांना अर्धा किलो कुंकू भेट दिलं.

पहिल्या रांगेत शालिनीबाई बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. परतीच्या वाटेवर नवलूर गाव मागे पडलं. मग त्या म्हणाल्या, "नाव राहिलं."

"टाळ्या..."

"हो. मी ऐकल्या."

*

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती: 'कुंकवातील विज्ञान जगासमोर, धारवाडच्या प्राध्यापकांचे संशोधन'. फोटो हसराच होता.

दसऱ्याला धारवाडकडे बन्नीचं पान हातात ठेवून, सोन्यासारखे राहू या म्हणायचं आणि वर्षभराचं भांडण मिटलं असं धरायचं, अशी पद्धत आहे. एक दिवस उशिरा चालतं. नरगुंदकर खिशात पानं घेऊन सुभाष रोडवर गेले. कापडाच्या एका दुकानावर पहिल्या मजल्यावर उत्तरा शिकवणी घेत होती. बारावीची वीसेक मुलं होती, सुट्टी असूनही. ती फळ्यावर झोपाळ्याची आकृती काढत होती. त्यांना बघून तिनं मान हलवली आणि शेवटच्या बाकाकडे हात केला. नरगुंदकर पंचेचाळीस मिनिटं शेवटच्या बाकावर बसले. बाक लहान होता. तिनं फार चांगलं शिकवलं. हे त्यांना माहीत होतं असं त्यांना वाटायचं, पण त्यांनी तिचा तास कधी ऐकलेलाच नव्हता.

मुलं गेल्यावर ती समोर येऊन उभी राहिली. "बसा, सर. चहा सांगू?"

"नको. उत्तरा, पेपर..."

"वाचला. कुंकवाचं नाव आलंय. माझं नाही आलं."

नरगुंदकरांनी खिशातलं पान काढून पुढे केलं. तिनं पान घेतलं, वाकून नमस्कारही केला, कारण आईनं तसं वळण लावलं होतं.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "तू बरोबर होतीस. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोललो..."

"ते वाक्य चांगलं होतं," उत्तरा म्हणाली. "माझ्या भावाच्या साखरपुड्यातसुद्धा एकानं मला ऐकवलं. बर्फवाली म्हणतात मला तुमच्या विभागात, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. एकदा तेही म्हणाले होते.

"मी नियतकालिकाला पत्र लिहितोय. निबंध मागे घ्या म्हणून. मसुदा झालाय. त्यात तुझं नाव आहे. पहिल्या ओळीत."

"पुसून बघितलंत?"

"काय?"

"कुंकू पुसून पुन्हा मोजलंत का?"

नरगुंदकरांनी मान आडवी हलवली.

"बर्फ लावून?"

"नाही."

"म्हणजे कुंकूच आहे हे कशावरून?"

"दिसलं ना डोळ्यांना. चमकत होतं."

"सर," ती शांतपणे म्हणाली, जसं मघाशी मुलांशी बोलत होती तसंच, "गेल्या वर्षी तुम्हाला रेणू दिसला होता. आता कुंकू दिसलं. पडताळलं तेव्हाही नाही, आत्ताही नाही. पत्रात आकडे काय घालणार? की नुसतं लिहिणार, लाज वाटली म्हणून?"

बाहेर सुभाष रोडवर रिक्षावाला कुणालातरी कन्नडमध्ये शिव्या देत होता. नरगुंदकरांना क्षणभर त्या आपल्याला असाव्यात असं वाटलं. त्या रास्त होत्या.

"चल," ते म्हणाले. मग चूक लक्षात येऊन म्हणाले, "येशील?"

तिनं घड्याळ बघितलं. "चारला पुढची बॅच आहे. बर्फ वाटेत रसवंतीत मिळेल."

*

कॉलेजला सुट्टी होती. गोविंदनं येऊन कुलूप उघडलं. कुलपावर परवाचं कुंकू होतं. उत्तराला बघून त्याचा चेहरा उजळला. "अक्का बंद्रु!" तो म्हणाला. अक्का आल्या. तिच्या हातात बर्फाचा स्टीलचा डबा होता.

तिनं जुन्या वह्यांच्या ढिगातून आपली वही काढली, जानेवारीचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं, लाल अक्षरं वर येतील असं. चष्मे घातले, लेझर सुरू झाला, आलेखावर त्या देखण्या कमानी उमटल्या. नरगुंदकरांना त्या बघवेनात. त्यांनी मोबाईल पालथा घालून ठेवला, कारण त्याच्या पडद्यावरही त्याच होत्या.

"आधी बर्फ," उत्तरा म्हणाली. "मग पुसायचं. माझे हात नोंदी घेण्यात असतील. बर्फ तुम्ही धराल?"

नरगुंदकरांनी बर्फाचा तुकडा घेऊन नळीच्या टोकाला लावला. पाणी मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत शिरलं. तुकडा काचेवरून घसरला.

गोविंद दारात उभा होता. वर्षाच्या सुरुवातीला त्या चर्चासत्रात चहाचा ट्रे घेऊन तोही होता.

"नीट धरा, सर," उत्तरा वहीतून मान वर न करता म्हणाली. "वीस मिनिटं लागतील."

नरगुंदकरांनी दोन्ही हातांनी धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बोटं बधिर झाली. आलेख तसाच होता. कमानी तेवढ्याच उंच. तिनं प्रत्येक मिनिटाचा आकडा मोठ्यानं वाचला आणि लिहिला. विसाव्या मिनिटालाही तेवढाच. मग तिनं भिंगं पुसायचा मऊ कागद स्पिरिटमध्ये बुडवून त्यांच्यापुढे धरला.

"हे तुम्हीच करा. पाटी आहे."

त्यांनी बधिर बोटांनी कुंकू पुसलं. एकदा, दोनदा. आलेखावरच्या कमानी खाली आल्या आणि जमिनीला टेकल्या. पंचवीसपट होतं ते सगळं एका लालसर बोळ्यात आलं होतं. उत्तरानं आकडा वाचला. लिहिला. वेळ घातली. मग वही त्यांच्याकडे सरकवली आणि निळं पेन दिलं.

लाल शेऱ्याखाली दोन बोटं जागा होती. नरगुंदकरांनी लिहायला घेतलं. अक्षर वाकडं येत होतं, बोटं वळत नव्हती. 'निरीक्षण बरोबर होते,' त्यांनी लिहिलं. 'निष्काळजीपणा माझा.' सही केली. तारीख घातली. बाहीतलं पाणी पानावर पडलं आणि लाल शाई थोडी पसरली, पण अक्षरं वाचता येत होती.

उत्तरानं पानाचा मोबाईलवर फोटो काढला, सही नीट आली आहे ना ते मोठं करून बघितलं आणि चारच्या बॅचला निघाली. जाताना दारात गोविंदला बन्नीचं पान दिलं. तेच, नरगुंदकरांनी सकाळी दिलेलं.

नरगुंदकर टेबलापाशी उभे होते. डब्यात बर्फ अजून अर्धा उरला होता.